खंड

बापाने जन्मभर खंड भरला.
तेव्हा खंड ही द्यायची वस्तू होती,
कुडवाने मोजायची, डोक्यावरून न्यायची,
भाटकाराच्या पडवीत ओतून
रिकामं पोतं झटकून परत आणायची.

माझ्या वाट्याचा खंड दोन दिवसांचा.
एकशे अठ्ठ्याहत्तर दिवस मी असते,
मग दोन दिवस नसते.
मग नवी ऑर्डर, नवा जावक क्रमांक,
अशी बावीस वेळा नेमली गेले
ताळगांवच्या या पठारावर.

आस्थापना विभागातले कुडतरकर
मान वर न करता समजावतात :
‘सेवेत सलगता येता कामा नये, बाय.’
जशी काही ती ओल आहे,
एकदा भिंतीत उतरली
की बिऱ्हाड करून राहील.

माझं काम बुरशीचं.
आई म्हणाली होती, घालवायचं ना?
नाही गे, पाळायचं.
साडेतीनशे नळ्या,
पिवळ्या, राखी, कोळशासारख्या काळ्या,
एक लुगड्याच्या काठासारखी गुलाबी.
दर सहा महिन्यांनी प्रत्येकीला ताजं अन्न, ताजी नळी.
सुई ज्योतीवर लाल करायची,
निवेपर्यंत श्वास धरायचा,
जुनीतला कणभर जीव नवीत टेकवायचा.
सत्तेचाळीस नंबरची
माझ्या जन्माआधी कुणी सुर्लाच्या रानातून
कुजक्या पानावर आणली.
आणणारा निवृत्त झाला, वारला.
ती आहे.
सहा महिन्यांचीच मुदत तिचीही,
पण तिला नव्या नळीत नेताना
मधे दोन दिवस मरून राहा, असं कुणी सांगत नाही.

आईला ऑर्डर वाचून दाखवली होती एकदा :
कोणतेही कारण न देता, कोणत्याही वेळी.
हक्क सांगता येणार नाही.
ती तांदूळ निवडत होती.
म्हणाली, भाटकारही असंच बोलायचा.
मग मुंडकारांचा कायदा आला.
राहतं माणूस हलवता येत नाही म्हणे.
तू अकरा वर्षं राहिलीस तिथे,
तुझा कागद कधी व्हायचा?
मी म्हटलं, आई, मी तिथे राहत नाही, काम करते.
ती म्हणाली, मग घरी असतेस ती कोण?

यंदा माझे दोन दिवस चवथीच्या तोंडावर आले.
माटोळीला कांगलं बांधत होते,
कुंकळ्येकर मॅडमचा फोन.
रात्री वीज गेली, कपाट तापतंय,
‘तू नुसती येऊन जा.’
नुसती.
हे पद कुठल्याच वेतनश्रेणीत नाही.

दारातल्या यंत्राने अंगठा ओळखला नाही.
पुन्हा पुसून ठेवला. नाही.
बॉस्को खुर्चीवरून उठला,
त्याच्या खिशावर ठेकेदाराचं नाव शिवलेलं.
काहीच न बोलता
त्याने व्हिजिटरांची वही पुढे सरकवली.

नाव : रुक्मा शाबी गावडे.
कुठून : चिंबल.
कुणाला भेटायचं :
पेन जरा थांबलं.
सत्तेचाळीस, मी लिहिलं.
बॉस्कोने वाचलं, आणि पंखा माझ्याकडे वळवला.

संध्याकाळपर्यंत नळ्या हलवल्या,
खालच्या मजल्यावरच्या थंड कपाटात, ट्रेमागून ट्रे,
जिन्यात दर वेळी पायऱ्या मोजत.
तीन नळ्या गेल्या. त्यांचे नंबर
पाठीमागच्या पानावर लिहून ठेवले, तारीख घालून.
त्या तारखेला मी नाही.
अक्षर मात्र माझं आहे.

कदंबाची शेवटची बस गाठायला धावले.
दोना पावलाहून वारा येत होता,
हाताला स्पिरिटाचा वास.
बस वळली तेव्हा आठवलं,
वहीत बाहेर जायची वेळ लिहायची राहिली.

राहू दे.
त्या रकान्याप्रमाणे
मी अजून आतच आहे.